मूठभर धान्य, तासभर वेळ



आपल्या गटाच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला की दोन गोष्टी बोलल्या जातात. पोषण आहाराचं बिल कुठे अडकलं, ही पहिली. त्यासाठी आपण पंचायत समितीत खेटे घालतो, साहेबांना गाठतो, वेळ पडली तर भांडतोही. दुसरी गोष्ट कुणीतरी हळूच सांगते, की पोरगं चौथीत गेलं पण अजून धड वाचता येत नाही. तिथे मात्र सगळ्या गप्प. आम्ही कुठे शिकलोय, ते गुरुजींचं काम, असं म्हणून पुन्हा हप्त्यांचा हिशेब सुरू होतो.

आम्ही समन्वयक गावोगाव हे ऐकत आलोय. म्हणून यावेळी कर्ज, व्याज, विमा बाजूला ठेवला आणि शाळेचा इतिहास सांगायचं ठरवलं. कुठल्या साली कोणता कायदा झाला एवढाच तो इतिहास नाही. शाळेत नोकरी नसताना, पगार नसताना, कधी स्वतःला अक्षर येत नसतानाही ज्यांनी गावच्या शाळेला हात दिला, त्यांची ही गोष्ट आहे. शोधायला बसलो तेव्हा त्यात बाया किती आहेत हे पाहून आम्हालाच नवल वाटलं.

सुरुवात सावित्रीबाईंपासूनच होणार. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपल्याला ३ जानेवारीच्या भाषणांतून पाठ आहे. पण सावित्रीबाई एकट्या नव्हत्या. जोतिरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर होत्या, फातिमा शेख होत्या. घर सुटल्यावर फुले दांपत्याला फातिमाबाईंच्या घरीच आसरा मिळाला होता. शाळेला जागा हवी, पोरींना घरून घेऊन येणारं आणि परत पोचवणारं कुणी हवं, आईबापांची समजूत काढणारं कुणी हवं. ही कामं कुठल्या हुद्द्यात बसत नाहीत. त्या शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या कोवळ्या पोरीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. सात वर्षांत एवढी मजल गेली होती.

पुढची गोष्ट जात्यापाशी घडते. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूच्या मैत्रिणींनी आजीकडून ती ऐकली असेल.

त्या काळी गावात शाळा असलीच तर चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर पोराने मोठ्या गावी जायचं, आणि तिथे राहायचं-खायचं कुठे? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. नंतर साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथे मराठा, महार, जैन, मुसलमान, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची आणि एका पंगतीला जेवायची. पोरं वाढत गेली, पण पोती कुठून यायची? त्यातून मुष्टिफंड निघाला. बाईने पहाटे जात्यावर बसताना दळणातलं मूठभर धान्य आधी बाजूच्या मडक्यात टाकायचं. मडकं भरलं की ते बोर्डिंगातल्या पोरांसाठी जायचं.

मुठीत किती मावतं? ज्वारीची मूठ धरून बघा. दहा घरच्या दहा मुठी झाल्या तर एका पोराच्या दिवसाच्या भाकरीची सोय होते, असा आमचा अंदाज. आपण दर आठवड्याला वीस-पन्नास रुपये बाजूला टाकतो, त्याहून हे वेगळं नव्हतं. फरक इतकाच, की त्या मडक्याचं पासबुक नव्हतं. कुणाच्या घरून किती मुठी गेल्या याची नोंद राहिली नाही, आणि देणारीचं पोर त्या बोर्डिंगात असेलच असंही नाही.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं नाव मात्र राहिलं. सोवळ्या-ओवळ्याच्या वळणात वाढलेली ही बाई, पण बोर्डिंगात आलेल्या प्रत्येक जातीच्या पोराची आई झाली. पोरांच्या पोटासाठी तिने एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली ती गेली. तिचं मंगळसूत्र दरवर्षी भाषणात येतं, ऐकताना डोळ्यांत पाणीही येतं. तरी आम्हाला यात एक गोष्ट खटकते. बाईने सगळं मोडून द्यावं म्हणजेच त्याग, अशी शिकवण त्यातून पोरींच्या मनात बसते. मुष्टिफंडाची रीत आम्हाला अधिक जवळची वाटते. कुणी एकीने मोडून पडायचं नाही, सगळ्यांनी झेपेल तेवढं द्यायचं, आणि रोज द्यायचं.

आता समुद्राकडे जाऊ. बोर्डी हे आज पालघर जिल्ह्यात आहे, पूर्वी ते ठाण्यात होतं. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे आल्या. त्यांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलेलं होतं. शहरातल्या बालमंदिरांचा अनुभव पाठीशी होता. खेड्यातल्या, गरिबाघरच्या लेकरांना हे का मिळू नये, म्हणून त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. त्या काळी अशा पोरीचं पुढे काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, ताराबाईंसोबत बोर्डीला आल्या आणि पुढची सगळी हयात त्यांनी त्याच कामात घातली.

बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली लेकरं येईनात. बोलावलं तरी येईनात. मग ताराबाई आणि अनुताईंनी लेकरांना बोल लावला नाही, आईबापांनाही अडाणी म्हटलं नाही. बालवाडीच उचलून वस्तीत नेली आणि कुणाच्या तरी अंगणात मांडली. लेकरांना न्हाऊ-माखू घालायचं, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. महागड्या खेळण्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द उचलला. आज हिंदी मुलखातही अंगणवाडीच म्हणतात. तो शब्द बोर्डीच्या वस्तीतून निघालाय, हे आपल्या अंगणवाडीताईंना जरूर सांगा.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारल्यांचे पाडे. इथली अडचण निराळी. मोठी पोर शाळेत आली तर कडेवरचं भावंडं कुणी सांभाळायचं? म्हणून एकाच जागी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. भावंडं पाळण्यात, ताई वर्गात. त्याला विकासवाडी नाव दिलं. पोरगे गुरांमागे रानात जायचे, तर शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. गुरं चरताहेत आणि पोरं झाडाखाली शिकताहेत, ही कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. आम्हाला मोठी वाटते ती त्यांची सवय. पोर का आलं नाही हे आधी पाहायचं, मग शाळेने काय बदलायचं ते ठरवायचं.

मधली काही वर्षं भरभर ओलांडू. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आपल्यासारख्यांच्या हिताची आहे. २००० सालाच्या सुमारास राज्यात वस्तीशाळा निघाल्या. ज्या वाडीवस्तीला जवळ शाळा नाही, तिथे त्याच वस्तीतला शिकलेला पोरगा किंवा पोरगी स्वयंसेवक म्हणून नेमायची. मानधन तुटपुंजं, काम मात्र पूर्ण शिक्षकाचं. यामुळे कितीतरी वस्त्यांतली पोरं पहिल्यांदा शाळेत बसली, हे खरंच. पण त्या स्वयंसेवकांना शिक्षक म्हणून मान्यता आणि पगार मिळायला पुढे कितीतरी वर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणं करावी लागली. गावाने शाळेला मदत करणं वेगळं आणि सरकारने मदतनिसावर शिक्षकाचं काम भागवून नेणं वेगळं. हा फरक आपल्या बायांनी नीट ध्यानात ठेवावा.

आता मुंबईला जाऊ, महानगरपालिकेच्या शाळांत. १९९० नंतरच्या दशकात ‘प्रथम’ ही संस्था तिथे सुरू झाली. त्यांनी आधी झोपडपट्ट्यांत बालवाड्या काढल्या. वस्तीतलीच बाई, जागा मिळेल तिथे. देवळात, कुणाच्या खोलीत, एखाद्या कचेरीच्या कोपऱ्यात. नंतर शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी आली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, दहावीपर्यंत शिकलेली तरुण मुलगी. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली जी पंधरा-वीस मुलं मागे आहेत, त्यांना शाळेच्या वेळातच रोज दोन तास बाजूला घेऊन बसायचं. वर्गखोली नसली तर व्हरांड्यात. तिथे चौथीचं पुस्तक नाही, जे येत नाही तिथून सुरुवात. अक्षर येत नसेल तर अक्षर, हातच्याची बेरीज येत नसेल तर हातच्याची बेरीज.

याचा काही उपयोग होतो का, हे २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात नीट तपासलं गेलं. काही शाळांत बालसखी दिली, काहींत दिली नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते. २०१९ साली त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जाता जाता सांगतो, अभिजितरावांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. त्यांनी स्वतःही कष्टकरी बायांच्या कामावर अभ्यास केलाय.

तपासणीत दिसलं ते असं. बालसखी असलेल्या शाळांतली मुलं पुढे सरकली, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त सरकली. सगळ्यात मागे होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यामुळे वर्गात गर्दी कमी झाली होती, पण वर्गात उरलेल्या मुलांना काही खास फरक पडला नाही. म्हणजे गर्दी कमी झाल्याचा तो गुण नव्हता, बालसखीपाशी बसल्याचा होता. दहावी झालेली एक वस्तीतली पोरगी, हातात फार काही साधन नाही, तिने हे करून दाखवलं.

याची दुसरी बाजूही आहे. बालसखी साधारण वर्षभर टिकायची. मग तिचं लग्न व्हायचं किंवा दुसरी नोकरी लागायची. मुलांचाही फायदा, मदत थांबल्यावर वर्षभरात बराच ओसरला. औषधाचा कोर्स अर्धवट सोडल्यासारखं.

याच मंडळींनी पुढची तपासणी उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात केली. मुंबईत कामाधंद्याला आलेले कितीतरी लोक मूळ तिथले. ही गोष्ट आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत, कारण ऐकताना आपल्याच गावाची आठवण येईल.

जौनपूरच्या प्रत्येक गावात शिक्षण समिती होती, कागदावर. प्रधान, मुख्याध्यापक आणि तीन पालक. २००५ साली २८० गावांत चौकशी केली तेव्हा बहुतेक गावकऱ्यांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. त्याहून गंमत म्हणजे समितीच्या सदस्यांतल्या साधारण चौघांतल्या एकाला आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता! हसू नका. आपल्या गावच्या समितीत आपलं नाव आहे का, हे आपल्यातल्या कितीजणी सांगू शकतील?

मग काही गावांत सभा घेतल्या. समिती काय असते, तिला काय अधिकार आहेत, पैसा किती येतो, हे सगळं समजावून सांगितलं. आणखी काही गावांत त्याच्यापुढे जाऊन लोकांनाच मुलांची वाचनाची चाचणी घ्यायला शिकवलं. लोकांनी आपल्या गावच्या मुलांची परीक्षा घेतली, गावाचं प्रगतिपुस्तक तयार केलं, सभेत वाचलं. वर्षभराने पाहिलं तर दोन्हीकडे समित्या होत्या तशाच, शाळाही तशीच, आणि मुलांच्या वाचनात फरक नाही.

तिसऱ्या प्रकारच्या गावांत हे सगळं केलंच, शिवाय गावातल्या तयार झालेल्या तरुण-तरुणींना चार दिवसांत वाचायला शिकवायची एक सोपी पद्धत शिकवली. त्यांनी शाळा सुटल्यावर दोन-तीन महिने रोज दोनेक तास मुलांना घेऊन वाचनाचे वर्ग चालवले. पगार नाही. अशा ६५ गावांपैकी ५५ गावांत वर्ग सुरू झाले. जी मुलं आधी एकही अक्षर वाचू शकत नव्हती आणि वर्गाला आली, ती सगळी वर्षाअखेर निदान अक्षरं ओळखू लागली. जिथे काहीच केलं नव्हतं त्या गावांत अशा मुलांपैकी शंभरात चाळीसच तिथवर पोचली होती. मात्र वर्गाला आलेली मुलं त्या गावांतल्या शंभरात आठच. बाकीची आलीच नाहीत. इथे आम्हाला अनुताई आठवतात. येत नाहीत त्यांच्या अंगणात जायला हवं होतं.

ही जौनपूरची गोष्ट आम्ही आमच्या बैठकीत वाचली तेव्हा थोडा वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, मग समित्यांना अर्थच नाही. आम्हाला तसं वाटत नाही. शिक्षक जागा रिकामी आहे, शौचालयाला पाणी नाही, छत गळतंय, हे कुणा ताईने ओट्यावर वर्ग घेऊन सुटणार नाही. त्याला ठराव लागतो, पाठपुरावा लागतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. हा अधिकार सोडायचा नाही. पण ठराव केल्याने पोराला वाचता येत नाही, एवढं जौनपूरने दाखवलं.

आणि हे आज का बोलायचं? कारण गावची शाळा टिकण्याचा प्रश्न आहे. ज्या शाळांचा पट वीसच्या आत आहे, त्या जवळच्या शाळेत मिसळून समूह शाळा करायची, हा विषय २०२३ पासून राज्यात चर्चेत आहे. पट का घटतो? वाड्यावस्त्यांवर लेकरंच कमी झाली, हे एक कारण. दुसरं आपल्याला ठाऊक आहे. इथे वाचायला येत नाही म्हणून ज्याला झेपतं तो पिवळ्या बसमध्ये पोराला बसवून इंग्रजी शाळेत धाडतो. त्यासाठी गटातून कर्जही काढतो, त्या कर्जाच्या नोंदी आमच्याकडे आहेत. मागे राहतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, शेतमजुरांची, एकट्या बायांची पोरं. शाळा तीन-चार किलोमीटरवर गेली तर सगळ्यात आधी घरी बसेल ती पोरगी.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या, तेव्हा हे उघडं पडलं. मोबाइलवर अभ्यास यायचा, पण मोबाइल बापाच्या खिशात आणि बाप रानात. त्या काळात कितीतरी गावांत देवळाच्या पारावर, समाजमंदिरात, घराच्या ओट्यावर कुणा ना कुणा ताईने पाच-सहा पोरं घेऊन बसायला सुरुवात केली. २०२२ साली पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यभरच्या शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले, ‘पहिले पाऊल’ नावाने. तेव्हा माता गट तयार झाले. जवळजवळ राहणाऱ्या चार-सहा आया, त्यांतली एक पुढारी माता. शाळेकडून आठवड्याची कृती यायची आणि आया घरातल्याच वस्तूंनी ती करून घ्यायच्या. भाजी निवडताना शेंगा मोजायच्या, लहान-मोठ्या भाकरी ओळीने लावायच्या, डब्यावरचं नाव ओळखायचं. सही करण्यापुरतंच लिहिणाऱ्या बायाही यात होत्या. लेकराला बोलतं करायला अक्षर यावं लागत नाही. मडक्यात मूठ टाकणारीलाही ते येत नव्हतं.

आता कामाचं सांगतो, वहीत लिहून घ्या. मुलाला कुठून शिकवायचं हे कळायला एक साधा कागद पुरतो. २००५ पासून देशभर घरोघरी जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे स्वयंसेवक असाच कागद वापरतात. त्यावर चार गोष्टी असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. आधी उतारा द्यायचा. तो जमला तर गोष्ट द्यायची. उतारा जमला नाही तर पाच शब्द. त्यातले चार आले तर मूल शब्दांपर्यंत पोचलं समजायचं, नाहीतर अक्षरांवर यायचं आणि तिथेही पाचातली चार. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. मूल कितवीत आहे हे तेवढा वेळ विसरायचं. मुलाला रागवायचं नाही, इतरांसमोर घ्यायचं नाही आणि कागदावर शेरा मारायचा नाही. गावातली बारावी झालेली सून किंवा पोरगी हे सहज करू शकते. कागद शाळेतल्या बाईंच्या मदतीने तयार करा, म्हणजे त्यांनाही ही आपल्यावरची तपासणी वाटणार नाही.

मानधनाचा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. बालसखीला थोडं का होईना मिळायचं, माता गटाला काहीच नाही. आमच्यातही यावर एकमत नाही. काहींना वाटतं, रोज दोन तास देणाऱ्या पोरीला गटाच्या नफ्यातून काहीतरी द्यावं. काहींना वाटतं, एकदा पैसा आला की सरकार हात झटकेल आणि वस्तीशाळेसारखं होईल. तुमच्या ग्रामसंघात यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला पत्राने कळवा.

पुढच्या भागात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कशी मागायची आणि ठरावाची नक्कल कशी घ्यायची, ते पाहू.